चुलीपुढचे पाय

भात शिजत आला की रायर हंड्याजवळ जात, उजव्या हाताचा पंजा हंड्याच्या पोटावर सपाट ठेवत आणि भाताला विचारत, "काय रे, जालं कां?" हंडा पितळेचा, खाली चिंचेची लाकडं धडधडत असत. तुमचा-माझा हात तिथे लागला असता तर कातडी तिथेच राहिली असती. रायरांचा हात मात्र निवांत असे, ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. भातानं काय उत्तर दिलं ते त्यांनाच कळे. मग हात धोतराला पुसून ते म्हणत, "जालं. उतरवा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी मावशी, कढईतला वडा हातानं काढून दाखवणारा हलवाई. आपण तोंडात बोट घालतो, ते 'सवय आहे' म्हणून हसतात, आणि आपण पुढे जातो. मीही पुढे गेलो असतो, पण माझं कामच त्या माणसाच्या हातापायांकडे बघत बसण्याचं होतं.

मोठ्या स्वयंपाकघरांना लागणारी साधनं आखणं हा माझा धंदा. वसतिगृहं, मठ, मंगल कार्यालयं असली आमची गिऱ्हाइकं. पुण्यात बसून आखलेली वस्तू तिकडे गेली की अडगळीत पडते, हे पुरेसं पाहून झाल्यावर आम्ही एक रीत धरली. वस्तू जिथे वापरायची तिथेच जाऊन राहायचं, वापरणाऱ्यांबरोबर राबायचं आणि मगच रेघ मारायची. कुंभकोणमच्या एका जुन्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणआळीत, एक भजनमठ आहे. गोविंदपुरमला जाणारे-येणारे यात्रेकरू दुपारी तिथे जेवतात. भाताचा हंडा कलता करून पेज काढताना आचाऱ्यांच्या पाठी जात होत्या, एक-दोघं भाजलेही होते. त्यावर काही इलाज काढा, असं मठाच्या विश्वस्तांनी आम्हाला कळवलं आणि मी जाऊन दाखल झालो.

रायर तिथले मुख्य आचारी. रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ब्राह्मणांना तमिळ शेजारी सरसकट रायर म्हणतात. नाव मला ठाऊक आहे, पण कुंभकोणममध्ये ते कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मी मुदपाकखान्याच्या उंबऱ्याशी पोचतो न पोचतो तोच आतून आवाज आला. "थांब. शिवूं नको." कशाला, ते सांगितलं नाही. सगळ्यालाच, असा अर्थ मी घेतला. किडकिडीत बांध्याचे, कानांत जुन्या खड्यांच्या कुड्या घातलेले, ओलं धोतर नेसलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागले.

"कोठचा?"

"पुण्याचा."

"म्हणजे देशचा!" त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ चुलीकडे बघत राहिले. असल्या शांततेचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. शेवटी त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "विहीर तेथ आहे. स्नान कर, ओलं धोतर नेस, मग ये." एवढ्यावर त्यांनी भागवलं, आणि मीही भागवलं.

सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात बसून आखणी करणं म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं. माझी मोजपट्टी आत येईना, कारण तिचं कवच प्लास्टिकचं. वही येईना, कारण तिला बाहेरचे शंभर हात लागलेले. पेन्सिलीच्या टोकाला रबर होतं, म्हणून तीही बाहेर. मोबाईलचं तर नावच नको. मी चिडून म्हणालो, "मग मोजू कशानं?" रायरांनी केळीच्या सोपटाची ओली दोरी वळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाठी मार." आणि चित्र? त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा पुढे सरकवला. "भुई आहे की एवढी."

तेव्हा मी दगडी फरशीवर कोळशानं चित्रं काढू लागलो, अगदी खऱ्या मापाची. हंडा एवढा, चूल एवढी, माणूस इथे उभा. रायर आणि त्यांचे दोन मदतनीस त्या रेघांमध्ये उभे राहून खोटा हंडा कलता करून दाखवत, एकमेकांना धडकत आणि तमिळमध्ये एकमेकांच्या बापाचा उद्धार करत. जेवणं आटोपली की फरशी धुतली जाई आणि माझं सगळं काम मोरीतून वाहून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं. पुन्हा काढताना ते सुधारे, हे मला कबूल केलं पाहिजे. माप लक्षात राहावं म्हणून दोरीवरच्या गाठी तेवढ्या उरत. त्या दोऱ्या रायर खुंटीला अडकवून ठेवत आणि कुणाला हात लावू देत नसत.

माझं नाव त्यांनी 'मोजणारा' ठेवलं होतं. "काय मोजणाऱ्या, आज काय मोजणार? माझी शेंडी?" त्यांची मराठी ऐकायला आधी जुन्या पोथीसारखी वाटे, मध्येच तमिळ शब्दांना ठेचकाळे. पाणी हवं का, असं विचारायचं तर म्हणत, "पाणी होणं कां?" माझी मराठी त्यांना पसंत नव्हती. "तुम्ही देशचे लोक मराठी धांवत बोलतां," ते म्हणत. "कोण पाठीं लागलंय?" खरी मराठी त्यांच्या घराण्यानं जपली आणि आम्ही तिकडे नासवली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बाकी कशाबद्दलही नव्हती म्हणा. वांग्याची रसवांगी जगात फक्त त्यांनाच जमते, मदतनीस दोघंही गाढव आहेत आणि अग्नी त्यांना ओळखतो, या तीन गोष्टी ते रोज सांगत.

शेवटी आम्ही लोखंडाची एक चौकट करून घेतली. तिच्यात हंडा दोन्ही कानांवर टांगलेला राही, एका माणसानं दांडा ओढला की कलता होई आणि पेज पन्हळातून थेट बाहेरच्या घंगाळात जाई. रायरांनी तिला पाहून नाक मुरडलं. "भाताला पाळणा? बाळंतपण कोणाचं जालं?" पण पहिल्या दिवशी पेज वाहून गेली, कुणाच्या अंगावर थेंब उडाला नाही, आणि रायर बाजूला उभे राहिले. आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. थोड्या वेळानं त्यांनी पुढे होऊन दांडा एकदा हलकेच मागे-पुढे हलवून पाहिला.  त्या दिवशी मला वाढताना रसवांगी दोनदा वाढली. माझं काम इथेच संपायला हवं होतं.

ते संपलं नाही, कारण चुलीभोवती वावरताना कोण कुठे पाय टाकतो, ते मला चौकट पक्की बसवण्याआधी टिपून घ्यायचं होतं. मी जमिनीवर बसून कोळशानं प्रत्येकाच्या पावलाभोवती रेघ ओढत होतो आणि मापाच्या गाठी दोरीवर मारत होतो. रायर पळीनं वरण ढवळत उभे होते. "माझीं पाउलं काढतोस? मी काय लक्ष्मी आहें?" असं म्हणून ते खुदखुदत होते. मी डाव्या पायाशी आलो आणि मला वास आला. केस जळल्यावर येतो तसा. मी इकडे-तिकडे पाहिलं. मग खाली वाकलो. चुलीतून निसटलेला एक निखारा त्यांच्या डाव्या पावलाखाली होता आणि रायर त्याच्यावर उभे राहून वरण ढवळत होते, माझ्याशी बोलत होते.

मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय ढकलला.

"शिवलास!" ते माझ्यावर कडाडले. त्यांना फक्त तेवढंच जाणवलं होतं. मी निखारा दाखवला, तळव्याला चिकटलेली राख दाखवली, कातडी पांढरी पडून सुटली होती ती दाखवली. त्यांनी तिकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तावातावानं विहिरीवर गेले, दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या आणि ओलेत्यानं परत येऊन पळी हातात घेतली. जेवायला उशीर झाला म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ते चालत तिथे फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते, आणि डाव्या पायाच्या ठशात लाली होती. मदतनीस म्हणाला, कुंकू सांडलं असेल.

मला त्या वेळी भीती वाटली. इतके दिवस मी ज्या हाताकडे कौतुकानं पाहत होतो, त्याला कृपा कशी म्हणायची? जेवणं आटोपल्यावर यात्रेकरूंच्या बायका रायरांच्या पाया पडत, पोरांच्या डोक्यावर तो पंजा ठेवून घेत. दुसऱ्या दिवशी मी रायरांना विचारलं, "पहिल्यापासूनच भाजत नाही तुम्हाला?" ते अभिमानानं म्हणाले, "नव्हे. पूर्वीं भाजत होतं की. आतां कांहीं वर्षं जालीं, भाजत नाहीं. सेवा पावली."

मामींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मामी म्हणजे रायरांची बायको. मठासमोरच त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. मामी ऐकून घेत होत्या आणि हातातलं तांदळाचं सूप एकाच जागी हलवत होत्या. "पायाला जखमा होतात, तें मला ठावं आहे," त्या म्हणाल्या. "रात्रीं निजले म्हणजे मी पाहतें. विंचवानं नांगी मारली तरी ते उठायचे नाहीत."

आम्ही दोघांनी मिळून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्याला जाडसर दोरा टेकवला आणि तमिळमध्ये विचारलं, कळतंय का? रायर म्हणाले, कळतंय. पुन्हा विचारलं, कळतंय. मग डॉक्टरांनी दोरा टेबलावर ठेवून दिला, हात मागे बांधले आणि विचारलं, आता? "कळतंय," रायर ठणकावून म्हणाले. मला हसू आलं. मामींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मलाही हसता येईना.

साखर भयंकर वाढली होती. किती वर्षं वाढलेली होती कुणास ठाऊक. पायाच्या आणि हाताच्या नसा तिनं मारल्या होत्या. डॉक्टरांनी मला आणि मामींना स्पष्ट सांगितलं: गोड बंद, आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. या माणसाला जखम झालेली कळणार नाही आणि झालेली भरणार नाही. चुलीपुढे असेच उभे राहिले तर पाय जाईल, आणि पायाबरोबर माणूसही जाईल.

बाहेर आल्यावर रायर तापल्या रस्त्यावरून अनवाणी चालू लागले. "वेडा वैद्य," ते म्हणाले. "आग लागत नाहीं हा म्हणे रोग. सारं जग आगीला भितं, तें निरोगी."

"रायर, तुमचा पाय जाईल."

"मग काय करूं? घरीं बसूं?" ते थांबले आणि माझ्याकडे वळले. तसे ते कधी बोलत नसत. "चुलीपुढें उभा राहिलों नाहीं तर मी कोण? जेवणारा. मठांत रोज इतके जेवतात, त्यांतला एक." नैवेद्याच्या गोडाला नाही म्हणायला तर ते मुळीच तयार नव्हते. प्रसादाला कोण नाही म्हणतं? आणि सोवळ्यात जोडे घालणं तर विचारायचीसुद्धा गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामी मला अंगणात गाठून म्हणाल्या, "बाबा, तूं भाताला पाळणा केलास. ह्यांच्या पायांचं कांहीं कर. तुझं कामच तें ना?"

आता माझं काम काय होतं ते माझ्या ध्यानात आलं. चामडं चालत नाही, रबर चालत नाही, सूत ओलं असेल तरच चालतं. चालतं काय? मी मदतनिसांना विचारत सुटलो. धातू चालतो, पण तो तापतो. रेशीम चालतं. लाकडाला दोष नाही. म्हणजे लाकूड आणि रेशीम. मी हरखलो. गावात देवळाच्या रथांचं लाकूडकाम करणारा एक म्हातारा सुतार होता. त्याच्या ओसरीवर बसून आम्ही फणसाच्या लाकडाचे दोन तळ कोरले. खुंटीवरच्या दोऱ्यांच्या गाठींवरून पावलांची मापं घेतली. निखारा आत येऊ नये म्हणून कडेनं बोटभर काठ ठेवला. अंगठ्यात धरायची खुंटी टाळली, कारण ती घासून जखम करील, आणि तिच्याऐवजी रुंद पट्टा लावला. पट्ट्यासाठी मामींनी आपलं लग्नातलं जांभळं पट्टूचं रेशमी लुगडं कापून दिलं. मी नको म्हणत होतो. "कोठ नेसून जायचं आहे आतां," असं म्हणत त्यांनी कात्री चालवली. आयुष्यात मी बरंच काही आखलं, पण त्या जोडीइतकं नेटकं दुसरं काही आखलं नाही.

मी ती रायरांच्या पुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. लाकडावरून हात फिरवला. "कोणाच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ती जोडी दोन्ही हातांनी उचलून मस्तकाला लावली, आणि मी गाढवासारखा समाधानानं मुक्कामावर गेलो.

सकाळी आत जाऊन पाहतो तर चुलीच्या वरच्या कोनाड्यात ती जोडी बसवलेली. गंध लावलेलं, वर तुळस, पुढे तुपाचा दिवा. खाली रायर अनवाणी, वरण ढवळत.

"रायर, या घालायच्या होत्या!"

"पादुका ह्या," ते शांतपणे म्हणाले. "पादुका कोण पायांत घालतं? गुरु घालतो. मी काय गुरु आहें?"

"मग तुमचे पाय कशात घालायचे?"

"पाय भुईवर." आणि त्यांनी हंड्याला हात लावला. "काय रे, जालं कां?"

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघराबाहेर निघून गेलो. अजूनही तो राग पुरता गेलेला नाही. चामड्याची केली असती तर ती विटाळ म्हणून बाहेर राहिली असती. लाकडाची केली, तर ती देव होऊन वर जाऊन बसली. त्या माणसाचे पाय मध्येच उघडे राहिले.

मग मी दुसरी वाट धरली. पाय जोड्यात जात नसतील तर भुईच बदलायची. चुलीच्या कडेनं बुटके लाकडी पाट टाकले, वर धार उचललेली, निखारे बाहेरच अडतील असे. पाटावर उभं राहायला रायरांची हरकत नव्हती. "पाट बरवा," ते म्हणाले, आणि राहिलेही उभे. पण रायर एका जागी उभे राहणारे नव्हते. सरपणाकडे जायचं, विहिरीकडे जायचं, मदतनिसाच्या पाठीत घालायला धावायचं, आणि या सगळ्या वाटा भुईवरून जात. तळव्याची जखम भरेना. मामी रोज हळद बांधत, ते सोवळ्यासाठी रोज सोडून टाकत. माझी दुसरी कामं खोळंबली होती. मी मदतनिसांना बजावून पुण्याला परतलो.

मठाचा उत्सव झाल्यावर मामींचा फोन आला. उत्सवात रायर पहाटेपासून उपाशीपोटी चुलीपुढे होते. यात्रेकरू खूप आले होते. पायाला वास येत होता, तर त्यांनी कमरेला कापूर बांधला. शेवटची पंगत उठली तेव्हा ते पाटावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मदतनिसांनी उचलून नेलं. पाऊल काळं पडलं होतं. "पाय काढायचा म्हणतात," मामी म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "तूं ये."

मी पोचलो तोवर डावा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. इस्पितळाच्या खाटेवर रायर फार लहान दिसत होते. नमस्कार करायला मी पायांशी वाकलो आणि माझे हात कुठे टेकवावेत ते मला कळेना. ते बघत होते. "शिवूं नको," सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं. मग खोलीभर पाहत म्हणाले, "आतां काय. येथ सारे शिवून गेले. शीव." मी उरलेल्या पायावर हात ठेवला. त्यांना तो कळला नाही. मी हात काढून घेतल्यावरही ते म्हणाले, "असूं दे हात."

तिथे कृत्रिम पाय बसवणारा एक भला तंत्रज्ञ होता. तो रबरी पावलाचा चांगला नमुना घेऊन आला. रायरांनी मान फिरवली. "रबर. चुलीपुढें जात नाहीं." तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "मोजणाऱ्या, लाकडाचा कर. लाकडाला दोष नाहीं. त्या पादुका होत्या, त्या घालवेनात. हा पाय आहे. पाय घालायला काय आड येतं?" माझ्या मनगटाला त्यांनी धरलं होतं. इतके दिवस सोवळ्यात कुणाला हात न लावू देणारा माणूस मला धरून ठेवत होता. "उभं राहण्यापुरता कर. ढवळीन मी."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार होतो? जखम भरल्याशिवाय लाकूड टेकवायचं नाही, असं तंत्रज्ञानं बजावलं, पण त्यानंच मला सगळं समजावूनही दिलं. मी कुंभकोणममध्येच मुक्काम ठोकला. त्याच सुताराच्या ओसरीवर आम्ही पुन्हा फणसाचं लाकूड घेतलं. केळीची दोरी वाळून कडक झाली होती, पण गाठी तशाच होत्या. पाऊल त्यांच्या पावलाएवढंच कोरलं, बोटांसकट. सुतार देवाच्या मूर्तीचे पाय कोरत आलेला, त्यामुळे नखंसुद्धा सुबक आली. वरच्या खोबणीत शेवरीचा कापूस आणि त्यावर मामींच्या लुगड्याचा उरलेला पदर. रायर रोज विचारत, "जालं कां?" भाताला विचारत तसंच. मी म्हणे, आलंच होत. आणि रोज त्यांचा ताप थोडा थोडा चढत होता. उजव्या टाचेवरही काळं दिसू लागलं होतं. मामींना ते दिसलं होतं, मला दिसलं होतं. रायरांना आम्ही सांगितलं नाही.

पाय पुरा झाला त्या दिवशी सकाळी मी तो कापडात गुंडाळून निघालो. अग्रहाराच्या तोंडाशीच मदतनीस भेटला. तो रडत माझ्याबरोबर चालू लागला. रायर पहाटे गेले होते. त्यांना घरी आणलेलं होतं.

ओसरीवर त्यांना निजवलं होतं. नव्या धोतराखाली एका बाजूला कापड लवकर सपाट होत होतं आणि सगळे तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मामींनी माझ्या काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं. "जाला कां?" त्यांनी विचारलं. मी ते सोडलं. त्यांनी पाय हातांत घेतला, पावलाची बोटं निरखली आणि भटजींकडे पाहून म्हणाल्या, "हे अर्धे जायचे नाहीत." भटजी पुढे होऊन पायाकडे वाकले. मग त्यांनी विचारलं, "कशाचा?" मी म्हणालो, "लाकडाचा. आत रेशीम." ते म्हणाले, "मग बांधा."

मामींनी आणि मी तो बांधला. बसतो की नाही, अशी मला उगाचच धाकधूक होती. माप बरोबर बसलं. कावेरीच्या काठी मी बाकीच्यांबरोबर उभा राहिलो. माझं इतक्या निगुतीनं केलेलं काम त्यांच्याबरोबर जळताना पाहिलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं.

पुढे चौकटीच्या दुरुस्तीसाठी मी पुन्हा एकदा मठात गेलो. मामी आपल्या भावाकडे पट्टीश्वरमला गेल्या होत्या, समोरचं घर बंद होतं. विहिरीवर आंघोळ करून ओल्या धोतरानं मी आत शिरलो. कुणी थांब म्हणालं नाही. कोनाड्यात फणसाच्या पादुका होत्या. त्यांना आता रोज हार पडत होता, यात्रेकरू त्यांनाही हात जोडत होते. खाली पाटावर पापनाशमहून आलेला नवा आचारी उभा होता, चाळिशीचा, धष्टपुष्ट, अनवाणी.

भात शिजत आला. नवा आचारी हंड्याशी गेला. रायरांची गोष्ट त्याच्या कानावर आलेली असणार, आणि मी पाहतोय हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं ऐटीत पंजा पसरला आणि हंड्याच्या पोटावर ठेवला.

पुढच्याच क्षणी तो किंचाळला, हात झटकत मागे उडाला आणि शेजारच्या पिंपातल्या गार पाण्यात तो कोपरापर्यंत बुडवून बसला. मदतनीस पोट धरून हसू लागले. मी धावत त्याच्याजवळ गेलो. "भाजलं?" मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"फार भाजलं, सार," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी त्याचा हात पाण्याबाहेर काढून पाहिला. पंजा लालबुंद झाला होता. मी फुंकर घातली तसा तो पुन्हा कळवळला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तो हात बराच वेळ सोडला नाही.